एक वाट, अनेक अभ्यासक

आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या नातेपुत्याची कळाच बदलून जाते. बरडहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि त्या दिवशी सायंकाळी आमच्या गावी मुक्कामाला येते. एका रात्रीपुरते गाव आपले राहत नाही. शाळांच्या पडव्या, देवळांचे ओटे, घरांची अंगणे, सगळे वारकऱ्यांचे होते. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचे रिंगण आटोपून पालखी माळशिरसला पोहोचते, आणि मागे उरतो तुडवलेला तळ आणि कानात घुमणारा टाळांचा नाद.

लहानपणापासून हे पाहत आल्यामुळे त्यात अभ्यास करण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते. महाविद्यालयात आल्यावर प्रकल्पासाठी विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा मी सहज ‘आमच्या गावचा पालखीमुक्काम’ हा विषय सुचवला. त्यावर जो प्रश्न आला, त्यानेच मला या लेखापर्यंत आणून सोडले. प्रश्न साधा होता : हा विषय नेमका कोणत्या विषयात बसतो? मराठीत, इतिहासात, समाजशास्त्रात, की भूगोलात?

मला उत्तर देता आले नाही. आज थोडे देता येईल असे वाटते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द आपल्या कानांवर सारखा पडतो आहे. शब्द लांब आहे, परंतु आशय अवघड नाही. एकाच गोष्टीकडे अनेक शास्त्रांच्या अभ्यासकांनी आपापल्या साधनांनी पाहणे म्हणजे बहुविद्याशाखीय अभ्यास. त्याच्याच शेजारचा दुसरा शब्द ‘आंतरविद्याशाखीय’. दोहोंतील भेद वारीतल्याच दृष्टांताने सांगतो. चार माणसे एका झाडाखाली बसली आणि प्रत्येकाने आपापली शिदोरी सोडून खाल्ली, तर ती झाली एक पंगत. परंतु चौघांनी आपल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, तर तो झाला काला. पंगत म्हणजे बहुविद्याशाखीय, काला म्हणजे आंतरविद्याशाखीय. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाल्याशिवाय वारीची सांगता होत नाही, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच.

एका रकान्याची गोष्ट

प्रकल्पासाठी मी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली होती. नाव, गाव, वय, शिक्षण, वारीचे कितवे वर्ष, अशा तिच्या पहिल्या ओळी. मुक्कामाच्या दिवशी वही घेऊन तळावर गेलो. एका राहुटीच्या दाराशी सत्तरीच्या एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारले, “आजी, शिक्षण किती झालंय?” त्या हसल्या. म्हणाल्या, “काय नाय बघ माउली. शाळेचं तोंड बी नाय बघितलं.” मी रकान्यात ‘निरक्षर’ असे लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

रात्री त्याच राहुटीत हरिपाठ चालला होता. माझ्याच वयाचा एक मुलगा छापील पुस्तिका हातात धरून म्हणत होता. म्हणता म्हणता त्याचा एक चरण गळाला. कोणाच्याच ते ध्यानात आले नाही. आजींनी मात्र टाळ थांबवला, त्याला मागे नेले, सुटलेला चरण म्हणून दाखवला आणि मग पुढे जाऊ दिले. पुस्तक त्याच्या हातात होते, पाठ आजींच्या तोंडात होता. माझ्या वहीत मात्र पदवीच्या वर्गात शिकणारा तो मुलगा सुशिक्षित होता आणि आजी निरक्षर होत्या.

मला माझ्या रकान्याची लाज वाटली. परंतु गोष्ट इथेच संपवली तर ती सोयीची होईल, खरी होणार नाही. सकाळी निघताना आजींनी कनवटीची एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. दवाखान्यातल्या औषधांची ती चिठ्ठी होती. कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची, हे त्यांना वाचून हवे होते. दोन दिवस त्यांनी अंदाजाने गोळ्या घेतल्या होत्या.

म्हणजे माझा ‘निरक्षर’ हा शब्द चूकही नव्हता आणि पुरेसाही नव्हता. जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते ती साक्षर, अशी व्याख्या आहे. त्या व्याख्येने आजी निरक्षरच ठरतात, आणि त्या निरक्षरतेची किंमत त्या स्वतःच्या प्रकृतीने मोजत होत्या. परंतु शेकडो चरण तोंडपाठ असणे, त्यांचा क्रम आणि चाल सांभाळणे, दुसऱ्याची चूक ऐकून दुरुस्त करणे, हे जर शिक्षण नव्हे तर शिक्षण म्हणावे तरी कशाला? केवळ शिक्षणशास्त्राच्या आकडेवारीने पाहिले तर आजींचे ज्ञान दिसत नाही. केवळ लोकसाहित्याच्या प्रेमाने पाहिले तर औषधाची चिठ्ठी दिसत नाही. आजी मात्र एकच आहेत. त्यांना पुरत्या पाहायचे तर दोन्ही डोळे उघडे हवेत.

या वाटेवरून गेलेले अभ्यासक

मग मी शोधू लागलो की ही वाट आजवर कोणी कोणी अभ्यासली. आश्चर्य असे की, आमच्या दारावरून जाणाऱ्या या वाटेने किती निरनिराळ्या शास्त्रांचे लोक ओढून घेतले आहेत!

पहिले नाव डॉ. इरावती कर्वे यांचे. जन्म 1905 मध्ये ब्रह्मदेशात, तिथल्या नदीवरून ठेवलेले नाव, शिक्षण पुणे-मुंबईत, आणि 1930 मध्ये बर्लिनची डॉक्टरेट. तिथे त्यांनी मानवी कवट्यांची मोजमापे घेतली. त्यांच्या मार्गदर्शकांचा ओढा वंशश्रेष्ठत्वाकडे होता, परंतु बाईंच्या मोजमापांनी त्या कल्पनेला दुजोरा दिला नाही आणि बाईंनी जे आढळले तेच मांडले. पुढे 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तिथे एकाच आवारात डॉ. सांकलिया उत्खननशास्त्र शिकवीत, डॉ. कत्रे भाषाशास्त्र, आणि इरावतीबाई समाजशास्त्र व मानवशास्त्र. गुजरातेतील लांघणज येथे उत्खननात मानवी सांगाडे निघाले तेव्हा सांकलियांच्या कामात इरावतीबाईंचे ज्ञान उपयोगी पडले. आपण आज ज्याला नवे म्हणतो ते तिथे पाऊणशे वर्षांपूर्वी चालू होते.

याच बाई वारीत चालल्या. मोजपट्टी घेऊन नव्हे, इतर बायांसारख्या पायी. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ या 1949 च्या संग्रहात आहे आणि 1962 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर परदेशातील एका विद्वन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी आपल्या प्रांताची एक नवीच ओळख त्यांना या वाटेवर पटली. नकाशावरून नव्हे, भाषेवरूनही नव्हे, तर पावलांवरून केलेली ही व्याख्या आहे. परंतु त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट लपवून ठेवली नाही. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत. बाई दोन्हींकडे वावरल्या आणि ती फट त्यांना सतत बोचत राहिली.

दुसरे नाव प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे (1907–1966). हे मूळचे गणिती. जुनी नाणी वापरात झिजून वजनाने किती घटतात याचे संख्याशास्त्र मांडून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावण्याची रीत काढली. तेच कोसंबी काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि वाटा पायी तुडवीत, आणि अश्मयुगातील माणसाने वापरलेल्या गारगोटीच्या बारीक पात्या गोळा करीत. 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, पंढरीच्या यात्रेची वाट संतांच्याही फार पूर्वीची असावी. पाऊसपाण्याच्या बेताने गुरे हाकीत हिंडणाऱ्या प्राचीन माणसांच्या ऋतुमानी वाटा पुढे यात्रेच्या वाटा झाल्या असाव्यात. हे अनुमान कोणाला पटो वा न पटो, ते एकट्या इतिहासकाराला किंवा एकट्या गणित्याला सुचले नसते, एवढे खरे.

तिसरे आहेत जर्मनीतील हायडेलबर्गचे डॉ. ग्युंटर सोंथायमर (1934–1992). मूळचा अभ्यास हिंदू कायद्याचा. महाराष्ट्रात आले आणि धनगरांच्या वाड्यांवर रमले. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये 1976 साली आणि इंग्रजीत 1989 साली आला. मेंढरे घेऊन जाणारे वाडे आमच्या भागात आजही दिसतात. ज्या ओव्या आपण ‘अडाण्यांच्या’ म्हणून कानाआड केल्या, त्यांत एका समाजाच्या स्थलांतराचा, सोयरिकीचा आणि देवांचा इतिहास साठवलेला आहे, हे आपल्याला एका कायदेपंडिताने दाखवून दिले.

चौथे डॉ. रा. चिं. ढेरे. पुराणे, शिलालेख, मूर्ती, संतवाङ्मय आणि लोककथा हे सारे एकत्र आणून त्यांनी 1984 मध्ये ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ सिद्ध केला. 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असावा आणि पुढे तो वैष्णवांचा, संतांचा, सर्वांचा झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोसंबी दगडांवरून, सोंथायमर ओव्यांवरून आणि ढेरे ग्रंथांवरून निघाले, आणि तिघेही गुराख्या-मेंढक्यांच्या पायवाटेपाशी येऊन भेटले. अनेक विद्यांच्या अभ्यासाचे खरे फळ हेच. निरनिराळ्या साधनांनी निघालेली अनुमाने एकमेकांना आधार देऊ लागली की त्यांचे बळ वाढते.

शब्दांत दडलेला समाज

कोणी म्हणेल, ही सारी मोठ्यांची कामे. आपल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला यातले काय जमणार? म्हणून एक अगदी घरातले उदाहरण देतो. आमच्या गावच्या नावात ‘नाते’ आहे म्हणून नव्हे, पण उदाहरणही नात्याचेच आहे.

आमच्या भागात नवी सून सासूला ‘आत्या’ म्हणते आणि सासऱ्याला ‘मामा’. जावईदेखील सासऱ्याला ‘मामा’च म्हणतो. असे का? व्याकरणाच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. इरावतीबाईंनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारतभरातील नातेव्यवस्था तपासली. भाषांचे प्रदेश आणि लग्नाच्या रीती यांचा संबंध जोडला, आणि महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या मधला, दोहोंच्या रीती मिसळलेला प्रदेश असल्याचे दाखवले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंत. आपल्याकडे बहुजन समाजात मामाची मुलगी करण्याची चाल होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. आता हिशेब मांडा. मुलाने मामाची मुलगी केली की मुलाची आई त्या मुलीची सख्खी आत्या लागते. म्हणजे सासू ही आत्याच! आणि मुलाचा सासरा हा त्याचा मामाच. पुढे लग्न परक्या घरात झाले तरी हाक तीच राहिली. रीत मागे पडते, शब्द मात्र उरतो. हा शब्द समजण्यासाठी भाषा आणि समाज ही दोन्ही दारे एकाच वेळी उघडावी लागतात.

दुसरे उदाहरण तळावरचे. मुक्कामाच्या ठिकाणी रोज सायंकाळी समाजआरती होते. चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर त्या दिंडीतला टाळ मात्र थांबत नाही, तो वाजतच राहतो. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, आणि मगच शांतता होते. संगीताच्या अभ्यासकाला यात नाद ऐकू येईल, भाषेच्या अभ्यासकाला शब्दावाचून चाललेली खूण दिसेल, आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला न्यायदानाची एक जुनी पद्धत. मी लहानपणापासून तो टाळ ऐकत होतो, परंतु तो तक्रार सांगतो आहे हे मला विशीत कळले.

बाकी राहिलेली फट

ही पद्धत निव्वळ हौसेची नाही, तिच्यात सत्याचा प्रश्न गुंतलेला आहे. अभंग वाचले की वाटते, या पंथात भेदाभेद उरलाच नाही. मराठीचा विद्यार्थी म्हणून मीही परीक्षेत तसेच लिहिले होते. परंतु इतिहास सांगतो की, आपल्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याला ज्यांचा अंत झाला त्या चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या आत नाही, महाद्वाराबाहेर आहे. आणि ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे ते उघडले. मग अभंग खोटे का? तेही नाही. त्याच अभंगांच्या बळावर गुरुजी उपोषणाला बसले. केवळ वाङ्मय वाचणारा भोळा राहतो, केवळ समाजाची चिरफाड करणारा त्या वाङ्मयाचे बळ ओळखत नाही. दोन्ही वाचणाऱ्याला कळते की समतेचा शब्द आणि विषमतेची रीत शतकानुशतके एकाच वाटेवर शेजारी शेजारी चालत आली आहेत.

माझ्या प्रश्नावलीत ‘दिंडीत सर्व एकत्र जेवतात का?’ असा प्रश्न होता. बहुतेकांनी ‘माउलीच्या दारात कसली जात?’ असे उत्तर दिले, आणि मी ते आनंदाने लिहून घेतले. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, “आता बसत्यात एकत्र. पण आमच्या लहानपणी आमची पंगत निराळी असायची, ती बी लिही.” त्यांची ती ओळ मी नंतर जोडली. प्रकल्पात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती तीच एक ओळ.

काही सावधगिरी

या अभ्यासाचे धोकेही सांगितले पाहिजेत. ‘सगळ्यातले थोडेथोडे’ म्हणजे बहुविद्याशाखीय नव्हे. कोसंबी आधी पक्के गणिती होते, इरावतीबाईंचा मोजमापांचा हात पक्का होता, ढेऱ्यांचे जुन्या ग्रंथांचे वाचन अफाट होते. एका विद्येत पाय रोवल्यावरच दुसरीकडे वाकून पाहता येते. जिथे आपली विद्या संपते तिथे दुसऱ्याला विचारण्याची तयारीही हवी. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. समाजशास्त्राची दृष्टी त्यांच्यापाशी होती. गळ्याच्या अभ्यासासाठी त्यांनी बर्नार बेल या संगणक आणि संगीत जाणणाऱ्या अभ्यासकाची साथ घेतली. परंतु त्यांचे खरे सहकारी होत्या ओव्या गाणाऱ्या बायाच. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांना अभ्यासाचे भागीदार मानणे, हा या पद्धतीचा पहिला धडा आहे. माझी प्रश्नावली फसली ती तिथेच. मी प्रश्न घेऊन गेलो होतो. आजींना काय विचारायचे आहे हे मी विचारलेच नव्हते. त्यांचा प्रश्न कनवटीला होता.

2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी महामारीमुळे पायी वारी निघाली नाही. पादुका एस. टी. ने पंढरपूरला गेल्या. आमच्या तळावर त्या दिवशी चिटपाखरू नव्हते. फुलवाल्यापासून चहावाल्यापर्यंत गावाचे काय काय अडले हे तेव्हा दिसले, आणि म्हाताऱ्या माणसांना तर वर्षच चुकल्यासारखे झाले. त्या दोन वर्षांची नोंद आमच्यापैकी कोणीच धड केली नाही, याची मला खंत आहे. नोंद कोणत्या विषयात बसेल, या विचारातच वेळ गेला असावा!

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या आषाढात मराठीच्या एकाने, इतिहासाच्या एकाने, भूगोलाच्या एकाने आणि अर्थशास्त्राच्या एकाने मिळून एकाच राहुटीपाशी बसावे. एकाने ओव्या ऐकाव्यात, एकाने दिंडीची जुनी हकीगत विचारावी, एकाने पाण्याची सोय पाहावी, एकाने बाजाराचा हिशेब मांडावा. रात्री चौघांनी आपापल्या वह्या एकमेकांना वाचून दाखवाव्यात. प्रत्येकाच्या वहीत दुसऱ्याला न दिसलेले काही सापडेलच. गुरुजनांनीही त्या चार वह्या एकाच टेबलावर ठेवून तपासाव्यात, एवढी विनंती.

आजी त्यानंतरच्या वर्षीही आल्या होत्या. या खेपेला मी गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले. त्यांनी ते निरखून पाहिले, मग म्हणाल्या, “हे झालं. आता माझं नाव कसं लिहितात ते बी दाव.” माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन वाकड्यातिकड्या अक्षरांत ते नाव आहे. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहावे, हे मी अद्याप ठरवलेले नाही.